‘न्यू वर्ल्ड’च्या पुढे काय ऐकायचं: आधी बघा, गातंय कोण

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. तुम्ही पुण्यातल्या एका हौशी कॉयरमध्ये, म्हणजे समूहगायनाच्या वृंदात, बेस हा सर्वांत खालचा आवाज गाता, द्वोर्झाकची ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनी तुमची आवडती आहे, आणि तिच्यात ‘काळ्यांची गाणी’ दडलेली आहेत असं कुठेतरी वाचल्यापासून अमेरिकेतल्या वर्णद्वेषावर ऑर्केस्ट्रा आणि कॉयरसाठी काय काय लिहिलं गेलं, ते कुठून ऐकायला घ्यावं, हे तुम्हाला हवंय. दुसरं म्हणजे, अन्यायावर संगीत लिहायला घेतलं की त्याची घोषणाच होत नाही का, ही शंका. आणि तिसरं, आपण भारतीयांनी हे गायलं तर शोभेल का.

मी अमेरिकेत एका सिम्फनी कॉयरमध्ये बरीच वर्षं अल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाते आहे. संगीताच्या इतिहासाची प्राध्यापक नाही. यातल्या काही रचना गाऊन कळल्या, बाकीच्या ऐकून. त्यामुळे हे उत्तर गाणाऱ्याच्या बाजूचं आहे असं समजा. त्या बाजूने पाहिलं तर चाल कोणाची, सुरावट कुठून आली हे प्रश्न नंतरचे. आधी बघायचं ते हे, की शब्द कोणाच्या तोंडी घातलेत आणि ते गायला प्रत्यक्ष उभं कोण आहे. गेल्या दीडशे वर्षांतला सगळा झगडा तिथे आहे.

द्वोर्झाकपासूनच निघू. १८९२ मध्ये तो न्यूयॉर्कला आला तो जेनेट थर्बर यांनी काढलेल्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचा संचालक म्हणून. या संस्थेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश होता, आणि त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. त्यातलाच एक हॅरी बर्ली. त्याचे आजोबा गुलामगिरीतून सुटलेले, डोळ्यांनी अंध. त्यांच्याकडून ऐकलेली गाणी बर्ली द्वोर्झाकला म्हणून दाखवायचा. १८९३ मध्ये द्वोर्झाकने वर्तमानपत्रातून जाहीरच करून टाकलं की या देशाचं पुढचं संगीत या काळ्या लोकांच्या चालींवर उभं राहायला हवं. बोस्टनच्या बड्या संगीतकारांना ते चांगलंच झोंबलं. त्याच वर्षी १६ डिसेंबरला कार्नेगी हॉलमध्ये अँटोन झाइडलच्या संचालनाखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने ही सिम्फनी पहिल्यांदा सादर केली.

लार्गो या संथ भागातली इंग्लिश हॉर्नची (ओबोच्या जातीचं वाद्य) चाल मूळची स्पिरिच्युअल, म्हणजे गुलामांचं भक्तिगीत, आहे असं आजही कितीतरी जण छातीठोकपणे सांगतात. ती द्वोर्झाकची स्वतःची आहे. तिला ‘गोइंग होम’ हे शब्द लावले ते त्याचाच विद्यार्थी विल्यम आर्म्स फिशर याने, १९२२ मध्ये. त्यानंतर लोक तिला जुनं गाणं समजू लागले. चाल अप्रतिम आहे, त्यात वाद नाही. पण तिथे माणसाचा आवाज नाही, आणि ज्यांच्या गाण्यांच्या संगतीत ती सुचली त्यांच्यापैकी कोणी वाजवणाऱ्यांतही नव्हतं. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये पहिला कृष्णवर्णीय कायम वादक आला तो १९६२ साली, व्हायोलिनवादक सॅनफर्ड अ‍ॅलन. मधे जवळपास सत्तर वर्षं गेली.

बर्ली मात्र गात राहिला. न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये श्रीमंत गोऱ्या भाविकांपुढे तो पन्नासहून अधिक वर्षं एकल गायक होता, आणि ‘डीप रिव्हर’ची जी मांडणी आज जगभर गायली जाते तिच्यामागे त्याचा हात आहे. ही ओळख ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यावं लागेल.

स्पिरिच्युअल मंचावर आली ती मात्र द्वोर्झाकच्या वीस वर्षं आधी. नॅशव्हिलची फिस्क ही मुक्त झालेल्या गुलामांसाठी निघालेली शाळा पैशांअभावी बंद पडायच्या बेतात होती. खजिनदार जॉर्ज व्हाइट १८७१ च्या ऑक्टोबरात नऊ विद्यार्थ्यांना घेऊन गाण्याच्या दौऱ्यावर निघाला. सुरुवातीला ही मुलं त्या वेळची प्रचलित गाणी गायची. शेतांवरची, गुलामांच्या वस्तीतली गाणी परक्यांपुढे म्हणायला ती तयार नव्हती. एला शेपर्ड ही त्यांची पियानोवादक. तिने नंतर लिहून ठेवलंय की ती गाणी गुलामगिरीशी जोडलेली होती आणि आईवडिलांसाठी पवित्र होती, ती चारचौघांत कशी म्हणायची? ओहायोत ओबरलिनला पाद्र्यांच्या सभेत त्यांनी ‘स्टील अवे’ म्हटलं आणि दौऱ्याचं नशीब पालटलं. १८७३ मध्ये राणी व्हिक्टोरियापुढे गाणं झालं. दौऱ्यांच्या पैशातून बांधलेली ज्युबिली हॉल ही इमारत आजही उभी आहे.

यातला संकोच मला फार महत्त्वाचा वाटतो. लपून म्हणायचं गाणं तिकीट लावून म्हणायचं, हा सौदा होता आणि गाणाऱ्यांना तो कळत होता. कृष्णवर्णीय लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी १९३४ मध्ये स्पष्टच लिहिलं की कॉन्सर्ट हॉलमध्ये चार आवाजांत घोटून गायल्या जाणाऱ्या या रचना म्हणजे खरी स्पिरिच्युअल नव्हेतच. मला त्यांचं म्हणणं निम्मं पटतं. पण घोटली नसती तर ती आपल्यापर्यंत आलीही नसती.

आता ऑर्केस्ट्रा. फ्लॉरेन्स प्राइस हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर इथून पुढचं वाचणं थांबवून त्यांची पहिली सिम्फनी लावा. आर्कान्सातल्या लिटल रॉकमध्ये १८८७ चा जन्म, बोस्टनला शिक्षण, मग शिकागो. १९३२ मध्ये या सिम्फनीला वॉनामेकर स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं आणि १५ जून १९३३ ला फ्रेडरिक स्टॉकने ती शिकागो सिम्फनीकडून वाजवून घेतली. कृष्णवर्णीय स्त्रीची सिम्फनी मोठ्या अमेरिकन ऑर्केस्ट्राने वाजवण्याची ती पहिली वेळ. सूर ‘न्यू वर्ल्ड’चाच आहे, ई मायनर, आणि हा योगायोग नसावा. फरक तिसऱ्या भागात कळतो. द्वोर्झाकने तिथे स्केर्झो लिहिलं, प्राइसनी ‘जूबा’. जूबा म्हणजे मांडीवर, छातीवर, हातांवर थापा देत केलेला नाच. साउथ कॅरोलिनात १७३९ च्या स्टोनो बंडानंतर गुलामांना ढोल वाजवायला कायद्याने बंदी झाली, आणि अशा बंदीत अंगाचाच ढोल होतो. प्राइसनी तो ठेका वाद्यवृंदाला दिला. व्हायोलिन नाचतात, खाली तंतुवाद्यं थापा दिल्यासारखी वाजतात. दुसऱ्या भागात पितळी वाद्यांना चर्चमधल्या समूहगानासारखं गायला लावलंय. कॉयरवाल्याला तो भाग ऐकताना आपली जागा आपोआप सापडते.

त्या १९३३ च्या मैफलीची एक गोष्ट सांगायलाच हवी. कार्यक्रम होता ‘संगीतातील निग्रो’ अशा विषयावर. तेनोर रोलंड हेज गायले, तरुण मार्गारेट बाँड्स पियानो वाजवायला बसली. आणि सुरुवात कशाने? जॉन पॉवेलच्या ‘इन ओल्ड व्हर्जिनिया’ या रचनेने. हा पॉवेल म्हणजे व्हर्जिनियात आंतरवर्णीय विवाहावर बंदी घालणाऱ्या १९२४ च्या कायद्यामागे हिरिरीने उभा राहिलेला गृहस्थ. ज्यांच्या सन्मानाची संध्याकाळ, त्यांना माणसात न धरणाऱ्याचं संगीत नांदीला. कोणाला त्यात काही खटकलं असेल की नसेल देव जाणे.

प्राइस १९५३ मध्ये गेल्या. त्यांनी १९४३ मध्ये बोस्टन सिम्फनीच्या कुसेव्हित्स्कीला लिहिलेल्या पत्रात सुरुवातीलाच म्हटलं होतं की माझ्यात दोन उणिवा आहेत, एक लिंगाची आणि एक वर्णाची. त्यांच्या हस्तलिखितांचे गठ्ठे २००९ मध्ये इलिनॉयमधल्या सेंट अ‍ॅन गावाजवळच्या एका पडक्या घरात सापडले. २०२२ मध्ये फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राच्या त्यांच्या सिम्फन्यांच्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळालं. त्यात पहिलीसोबत तिसरी सिम्फनीही आहे. तेच घ्या. याच पिढीतली विल्यम डॉसनची ‘निग्रो फोक सिम्फनी’ही ऐका. स्टोकोव्स्कीने १९३४ मध्ये फिलाडेल्फियात ती सादर केली होती. डॉसन टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत कॉयर चालवायचे, ते त्यांच्या ऑर्केस्ट्रालेखनातही ऐकू येतं.

कृष्णवर्णीय संगीतकार विल्यम ग्रँट स्टिल यांच्याकडे जरा थांबते, कारण माझ्या दृष्टीने गाभा इथे आहे. त्यांची ‘आफ्रो-अमेरिकन सिम्फनी’ १९३० ची, पुढच्या वर्षी रॉचेस्टरला हॉवर्ड हॅन्सनने सादर केलेली. सुरुवातीला इंग्लिश हॉर्न येतो. द्वोर्झाकची आठवण होते ना होते तोच म्यूट लावलेला ट्रंपेट बारा मापांचा सरळ ब्लूज सुरू करतो. तिसऱ्या भागात चक्क बॅन्जो आहे. तिथेच गर्श्विनच्या ‘आय गॉट ऱ्हिदम’ची आठवण करून देणारा तुकडा येतो. कोणी कोणाचं घेतलं यावर लोक अजून भांडतात. स्टिल १९२१ च्या ‘शफल अलाँग’च्या वाद्यवृंदात ओबो वाजवायचे आणि गर्श्विन ते खेळ बघायला यायचा, एवढं सांगून मी गप्प बसते.

पण तुम्हाला कॉयरचं हवंय. त्यासाठी १९४० ची ‘अँड दे लिंच्ड हिम ऑन अ ट्री’. शब्द कॅथरिन गॅरिसन चेपिन यांचे. वेळ वीस मिनिटांच्या आसपास. मांडणी बघा: दोन कॉयर, एक गोऱ्यांचा, एक काळ्यांचा. एक निवेदक. एक कॉन्ट्राल्टो (खालच्या पट्टीची गायिका), ती मेलेल्या मुलाची आई. आणि ऑर्केस्ट्रा. गोऱ्यांचा कॉयर म्हणजे नुकतं काम उरकून घरी निघालेला जमाव. तो गेल्यावर दुसरा कॉयर अंधारातून येतो, प्रेत शोधतो. मग आई गाते. शेवटी दोन्ही कॉयर एकत्र येतात. पहिला प्रयोग २५ जून १९४० ला न्यूयॉर्कच्या लुइसन स्टेडियममध्ये, आर्तुर रोजिन्स्कीच्या संचालनाखाली. त्याच वर्षी जानेवारीत लिंचिंगविरोधी विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर झालं होतं आणि सिनेटमध्ये अडकलं. केंद्रीय कायदा व्हायला २०२२ उजाडलं.

ही रचना आम्ही बसवली तेव्हा दुसऱ्या कॉयरसाठी शहरातल्या एका कृष्णवर्णीय चर्चचा कॉयर पाहुणा म्हणून आला होता. मला कुठे उभं राहायचं हे कोणी विचारलं नाही. सिम्फनी कॉयर म्हणजे गोऱ्यांचा कॉयर, हे गृहीतच होतं. म्हणजे साताऱ्यात वाढलेली मी जमावात. आमच्या रांगेत एक कोरियन बाई, एक मेक्सिकन शिक्षक, आम्ही सगळेच त्या रात्री गोरे. सुरुवातीला मला हसू आलं, मग येईना. या देशात आलेल्या आमच्यासारख्यांनी कुठल्या बाजूला जाऊन उभं राहायचं ठरवलं, हे न बोलता मंचावर मांडलं गेलं होतं.

तालमीतली खरी अडचण वेगळीच होती. आम्हाला सवय असते आवाज मिसळायची, स्वर गोल करायचे, शेवटचं व्यंजन एकत्र टाकायचं. जमावाचा भाग तसा गायला तर तो देखणा होतो, आणि देखणा झाला की खोटा वाटतो. संचालक म्हणाले, शब्द फेका, लय चावा, श्वास ऐकू आला तर येऊ द्या. तसं गायलं तेव्हा कळलं की तो भाग गायला मजा येते. स्टिलनी त्याला वेग दिलाय, ठेका दिलाय, शरीर आपोआप पुढे झुकतं. तुम्ही खुनाचं गाणं म्हणताय आणि पाय ताल धरतोय. मग तुमचं थांबतं आणि समोरचा कॉयर सुरू होतो. तो भाग संपेपर्यंत तुम्हाला स्वरलिपी हातात धरून नुसतं उभं राहायचं असतं. पाहुण्या कॉयरमधल्या एक सोप्रानो मध्यंतराच्या चहाला म्हणाल्या, ‘तुमचा भाग जास्त अवघड आहे, आम्हाला आमचा पाठ आहे.’ त्या कौतुक करत होत्या की टोमणा मारत होत्या, मला आजही सांगता येणार नाही.

कोप्लंडचं ‘लिंकन पोर्ट्रेट’ (१९४२) याच्या शेजारी ठेवा. अमेरिकन अस्मितेचं संगीत म्हणून ते सगळीकडे वाजतं, निवेदक लिंकनची वचनं वाचतो, शेवटी अंगावर काटा येतो. १९५३ मध्ये आयझेनहॉवरच्या शपथविधीच्या मैफलीतून ते काढून टाकलं होतं, कारण कोप्लंड डाव्या विचारांचा असल्याचा संशय. असं असूनही माझी त्यावर एक तक्रार आहे. लिंकन बोलतो, निवेदक बोलतो, आणि ज्यांच्या गुलामीबद्दल बोलणं चाललंय ते पूर्ण वेळ गप्प. मेरियन अँडरसनसारखी गायिका निवेदक झाली की तेच शब्द वेगळे होतात. त्याच अँडरसन, ज्यांना १९३९ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलने त्यांच्या वर्णामुळे दार बंद केलं, आणि ज्या मग ९ एप्रिलला लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर पंचाहत्तर हजार लोकांपुढे गायल्या.

आवाज मधेच तोडल्याचंही एक उदाहरण आहे, अगदी शब्दशः. नॅथानिएल डेट यांचा ‘द ऑर्डरिंग ऑफ मोझेस’ हा ओरॅटोरिओ (धार्मिक कथेवरची गायक, कॉयर आणि ऑर्केस्ट्राची मोठी रचना) १९३७ मध्ये सिनसिनाटीच्या मे महोत्सवात झाला. ‘गो डाउन मोझेस’वर आधारलेला, इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटकेची कथा. एनबीसी रेडिओ तो थेट ऐकवत होता. संपायच्या आधीच निवेदकाने आधी ठरलेल्या कार्यक्रमांचं कारण देऊन दिलगिरी व्यक्त केली आणि प्रक्षेपण बंद झालं. ध्वनिमुद्रणात ते ऐकू येतं.

आता आजच्या काळातली रचना: जोएल थॉम्पसन यांची ‘सेव्हन लास्ट वर्ड्स ऑफ द अनआर्म्ड’. थॉम्पसन बहामात जन्मलेले, जमैकन आईवडिलांचे, अटलांटात वाढलेले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या एरिक गार्नरच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूचं प्रकरण तापलेलं असताना त्यांनी हे लिहिलं, आणि काही काळ बाजूला ठेवून दिलं. २०१५ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या ग्ली क्लब या पुरुषांच्या कॉयरने यूजीन रॉजर्स यांच्या संचालनाखाली ते पहिल्यांदा गायलं. सात भाग, सात निःशस्त्र माणसं, प्रत्येकाचे मरण्यापूर्वीचे शेवटचे शब्द. हायडनने येशूच्या सात अंतिम वचनांवर जे लिहिलं तो साचा. यातला ट्रेव्हॉन मार्टिन सतरा वर्षांचा. त्याचे शब्द, ‘तू माझा पाठलाग का करतोयस?’ थॉम्पसननी या भागात आवाज फ्यूगसारखे एकमेकांच्या मागे सोडलेत. फ्यूगमध्ये एक आवाज पुढे आणि बाकीचे त्याच चालीने मागे, हे तुम्ही बाखमध्ये शंभरदा ऐकलं असेल. इथे तो पाठलागच आहे, आणि आपण मागचे आवाज आहोत. अमादू डियालोच्या भागात शब्द आहेत, ‘आई, मी कॉलेजला जाणार आहे.’ गिनीहून आलेल्या या तरुणावर १९९९ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या. इतक्या साध्या, आनंदाच्या वाक्याला गाताना घशात काय होतं ते लिहून सांगण्यासारखं नाही.

थॉम्पसन आणि स्टिल यांच्यात एक फरक मला पुन्हापुन्हा विचार करायला लावतो. स्टिलनी मारणाऱ्यांना आवाज दिला, पूर्ण कॉयर दिला. थॉम्पसननी त्यांना एक शब्दही दिला नाही. त्यांच्या जागी ‘लॉम आर्मे’ ही पंधराव्या शतकातली फ्रेंच चाल रचनेत विणली आहे. शस्त्रधारी माणसापासून सावध राहा, असं त्या गाण्याचं म्हणणं. ड्यूफाय, जोस्कँ, पॅलेस्ट्रिना, सगळ्यांनी तिच्यावर मास, म्हणजे कॅथलिक उपासनेचं संगीत, लिहिलेत. पाचशे वर्षांपूर्वी चर्चमध्ये गायली जाणारी चाल उचलून त्यांनी ती आजच्या रस्त्यावर आणून ठेवली.

यानंतरच्या रचनांपैकी एडॉल्फस हेलस्टॉर्क यांची जॉर्ज फ्लॉइडवरची ‘अ नी ऑन द नेक’ आणि डेमियन गीटर यांचं ‘अ‍ॅन आफ्रिकन अमेरिकन रेक्विएम’ या दोन्ही २०२२ मध्ये पहिल्यांदा सादर झाल्या. गीटरची मला जास्त टिकाऊ वाटते. लॅटिन रेक्विएमच्या, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेच्या, मधेच कृष्णवर्णीय पत्रकार आयडा वेल्स यांचे लिंचिंगविरुद्धचे शब्द येतात, आणि जुनी प्रार्थना व नवी तक्रार यांचा सांधा कुठेच खडखडत नाही.

घोषणेच्या शंकेबद्दल. शंका खोटी नाही. २०२० नंतर अमेरिकेत या विषयावर रचनांचा पाऊस पडला आणि त्यातल्या कित्येक सुमार होत्या. एक लांबलचक स्थिर स्वरमेळ, वर चेलो, नावांची यादी, टाळ्या. फेब्रुवारी हा कृष्णवर्णीय इतिहासाचा महिना. त्या महिन्यात अशी एक दहा मिनिटांची रचना मैफलीच्या सुरुवातीला लावायची आणि मग सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकून ब्राम्सकडे वळायचं, ही पद्धत मी जवळून पाहिली आहे. मंचावरचं चित्र काय होतं? २०१४ च्या आकडेवारीत अमेरिकन ऑर्केस्ट्रांमधले कृष्णवर्णीय वादक १.८ टक्के होते. पण स्टिलची रचना त्या वर्गात बसत नाही, आणि कारण तिच्या विषयात नाही, बांधणीत आहे. ती गाणाऱ्याला निर्दोष राहू देत नाही. घोषणा देताना माणूस नेहमी योग्य बाजूला असतो. स्टिलच्या तालमीत मी योग्य बाजूला नव्हते. आणि खरं सांगायचं तर बाखच्या पॅशनमध्ये, म्हणजे येशूच्या मृत्यूकथेवरच्या रचनेतही, ‘त्याला क्रुसावर द्या’ असं कॉयरच ओरडतो. त्याला कोणी प्रचार म्हणत नाही.

मार्गारेट बाँड्स मघाशी पियानोवर दिसली होती. तिच्याकडे परत जाऊ, कारण तिथून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला वाट आहे. बाँड्सनी १९६४ मध्ये ‘मॉन्टगोमरी व्हेरिएशन्स’ लिहून मार्टिन ल्यूथर किंग यांना अर्पण केली. एकाच स्पिरिच्युअलवर मॉन्टगोमरीतल्या बसमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या बहिष्कारापासून बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्बने मारल्या गेलेल्या चार मुलींपर्यंतची कथा. त्याच दशकात कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांच्या ‘क्रेडो’ या गद्य प्रार्थनेला त्यांनी कॉयर आणि ऑर्केस्ट्रासाठी चाल लावली. जवळपास प्रत्येक परिच्छेद ‘माझा विश्वास आहे’ने सुरू होतो, कॅथलिक मासच्या क्रेडोसारखा. १९७२ मध्ये बाँड्स गेल्या आणि त्याच वर्षी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकने ही रचना सादर केली. संचालक होते आपले मुंबईचे झुबिन मेहता.

आणि ड्यू बॉइस म्हणजे तेच, ज्यांना डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती, आणि अस्पृश्यांची स्थिती व निग्रोंची स्थिती यांतल्या साम्याचा उल्लेख केला होता. बाबासाहेब कोलंबियात शिकले ते हार्लेमच्या शेजारी. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून. तेव्हा आपला या गाण्यांशी संबंध काय, असं महाराष्ट्रातल्या माणसाने तरी विचारू नये. शिवाय ‘हम होंगे कामयाब’ आपण सगळ्यांनी शाळेत म्हटलंय. त्याचं मूळ ‘वी शॅल ओव्हरकम’, आणि ते लढ्याचं गाणं झालं ते चार्ल्सटनच्या तंबाखू कामगारांच्या १९४५ च्या संपात.

त्यामुळे गा, बिनधास्त गा. एक खवचट प्रश्न मात्र विचारते. तुमच्या कॉयरने वामनदादा कर्डकांचं गाणं कधी बसवलंय का? नॅशव्हिलच्या गुलामांसाठी डोळे ओले करणं सोपं आहे, कारण तिथे आपण कुठल्याच कॉयरमध्ये नाही. एकाच संध्याकाळी ‘स्टील अवे’ आणि वामनदादा ठेवून बघा. चार आवाजांची मांडणी करणारं कोणीतरी पुण्यात नक्की सापडेल.

आता बसवण्याबद्दल. थॉम्पसन किंवा स्टिलच्या वाटेला एवढ्यात जाऊ नका, त्याला माणसं आणि ऑर्केस्ट्रा दोन्ही लागतात. ‘डीप रिव्हर’ किंवा ‘स्टील अवे’ने सुरू करा. जुन्या प्रतींमध्ये ‘द’च्या जागी ‘डि’, ‘धिस’च्या जागी ‘डिस’ असं छापलेलं दिसेल. तिथे हौशी कॉयर नाटकी उच्चार करायला लागतात. आणि लगेच डोलणं, टाळ्या. बर्लीने १९१७ च्या सुमारास आपल्या छापील प्रतींतच याविरुद्ध टीप घातली होती: काळ्या माणसाच्या लकबींची नक्कल करून, अंग डोलवून, टाळ्या वाजवून ही गाणी गमतीची करू नका, त्यांचा जीव श्रद्धेत आहे. वेगवान रचना असेल, टाळी खरंच लिहिलेली असेल, तर ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आपला हात सवयीने समेवर पडतो.

तुम्ही बेस आहात म्हणून खास: संथ स्पिरिच्युअलमध्ये कॉयरचा सूर उतरतो तो बहुधा तुमच्या रांगेपासून. लांब स्वर धरताना सगळ्यांनी एकाच ठिकाणी श्वास घेऊ नका, शेजाऱ्याशी ठरवून पुढेमागे घ्या, आणि श्वास शब्दाच्या मधे घ्या, ओळीच्या शेवटी नको. पहिल्या तालमीला पियानो बंद ठेवून शब्द नुसते वाचा. ‘जॉर्डनपलीकडचं घर’ म्हणजे स्वर्गही आणि ओहायो नदीपलीकडचा गुलामगिरी नसलेला मुलूखही, हे सगळ्यांना माहीत असलं की आवाज आपोआप बदलतो. प्रती विकत घ्या, झेरॉक्स नको. आणि कार्यक्रमपत्रिकेवर ‘पारंपरिक’ एवढंच छापून मोकळे होऊ नका. खाली मांडणी करणाऱ्याचं पूर्ण नाव टाका, बर्ली असो, डॉसन असो, मोझेस होगन असो.